हम्बोल्टचा संघ : परगावच्या मुलांचे घर

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, सॅस्काटून शहराच्या पूर्वेस सुमारे ११० किलोमीटरवर हम्बोल्ट हे गाव आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचे नाव त्यास लाभले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनभाषक कॅथलिक शेतकऱ्यांनी हा परिसर वसवला. वस्ती आजही सहा हजारांच्या आसपासच आहे. सभोवार प्रेअरीची सपाट शेते आणि दीर्घ, कठोर हिवाळा. अशा प्रदेशात बर्फावरील हॉकी हा केवळ खेळ राहत नाही; हिवाळ्यात अवघे गाव एका छपराखाली जमण्याचे ते निमित्त असते. सलग ५०२ सामन्यांत गोलरक्षण करण्याचा विक्रम नोंदविणारा ग्लेन हॉल १९३१ मध्ये याच गावी जन्मला.

१९७० मध्ये येथे ‘हम्बोल्ट ब्रॉन्कोज’ हा कुमार संघ स्थापन झाला. ‘ब्रॉन्को’ म्हणजे न माणसाळलेला घोडा. संघाला धनिक मालक नाही. तो गावाच्या सामाईक मालकीचा असून तिकिटे, देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर चालतो. ज्या बंदिस्त क्रीडागृहात तो खेळतो, त्याला एल्गर पीटरसन या संघाच्या जुन्या स्वयंसेवकाचेच नाव आहे.

संघाने २००३ आणि २००८ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. एवढ्याशा गावाच्या मानाने हे यश लहान नव्हे. तथापि संघाचा खरा इतिहास विजयचषकांच्या कपाटात सापडत नाही. तो गावातल्या घरांत आहे. खेळाडू साधारणतः १६ ते २१ वर्षांचे आणि बहुतांशी परगावचे. हंगामभर ते स्थानिक कुटुंबांकडे राहतात, त्यांच्याच ताटात जेवतात, धाकट्या मुलांचे थोरले भाऊ होतात. दोनतीन हंगामांनी ते निघून जातात आणि त्यांच्या खोलीत नवा मुलगा येतो. गाव असे परक्यांची मुले आपली म्हणून वाढवीत आले आहे.

६ एप्रिल २०१८ रोजी या नात्याची दारुण कसोटी लागली. निपाविन येथील उपांत्य फेरीच्या सामन्यासाठी निघालेल्या संघाच्या बसच्या वाटेत आर्मलीजवळच्या चौरस्त्यावर एक मालट्रक आडवा आला. बसमधील २९ जणांपैकी १६ मृत्यू पावले, १३ जखमी झाले. मृतांत १० खेळाडू होते. प्रशिक्षक, बसचालक आणि सामन्याचे वर्णन करणारा नभोवाणी निवेदकही होता. निर्णायक सामन्यांसाठी मुलांनी हौसेने केस एकसारखे पिवळसर रंगविले होते. त्यामुळे दोघांची ओळख पटविताना अदलाबदल झाली. एका घरी पुत्रशोक आणि दुसऱ्या घरी आशा चुकून पोहोचली. २१ वर्षांच्या एका खेळाडूने आधीच अवयवदानाची नोंदणी केली होती. त्याचे अवयव सहा जणांना मिळाले. कॅनडाभर लोकांनी दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून शोक व्यक्त केला.

१२ सप्टेंबर २०१८ रोजी संघ पुन्हा बर्फावर उतरला. प्रतिस्पर्धी निपाविनचाच संघ होता. अपघातातून वाचलेले दोन खेळाडू त्या दिवशी खेळले. सामना २–१ असा हरला. पण पराभवाची खंत करण्यासाठी तेथे कोणी जमले नव्हते.

या कथेचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. ट्रकचालक भारतातून गेलेला, व्यवसायात नवखा तरुण होता. थांबण्याची सूचना त्याने ओलांडली होती. खटला लांबू न देता त्याने गुन्हा कबूल केला, आणि मार्च २०१९ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात काही पालकांनी त्याला क्षमा केली. काहींना ती करता आली नाही. मे २०२४ मध्ये त्याच्या हद्दपारीचा आदेश निघाला. या दोन्ही प्रतिक्रियांपैकी एकीला थोर आणि दुसरीला कोती ठरविण्याचा अधिकार दूरच्या वाचकाला नाही.

मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मार्च २०१९ पासून सस्कॅचेवानमध्ये जड ट्रकच्या परवान्यापूर्वी १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. परगावच्या मुलांना घर देण्याचे काम हम्बोल्टने १९७० पासून स्वखुशीने केले. त्या मुलांच्या वाटेवर अननुभवी हाती अवजड वाहन देऊ नये, हे काम मात्र एका गावाच्या आवाक्यातले नव्हते. ते शासनाचे होते, आणि ते फार उशिरा झाले.