पुरलेल्या दगडांचा शोध

वसई परिसरातील एका धर्मग्रामात आम्ही सेवेस असताना दोन सख्ख्या भावांचे वितुष्ट आमच्या कानी आले. दोघांच्या वाट्याला लगतचे दोन सर्व्हे नंबर आले होते आणि वाद मधल्या बांधाचा होता. दोन्ही कुटुंबे रविवारच्या मिस्साला येत. एक उजव्या बाजूस बसे, दुसरे डाव्या. शांतीची खूण देण्याची वेळ आली की दोघेही भाऊ वेदीकडे पाहत. कुदळीने व पावसाने दोन पिढ्यांत बांध किती सरकला, हे सांगणारे कोणी हयात नव्हते. साक्षीदार उरला होता तो हद्दीचा दगड. आणि तोच दिसत नव्हता. त्या निमित्ताने आमचे जे वाचन व जी पायपीट झाली, तिचा हा वृत्तान्त.

हद्दीवर दगड रोवण्याची चाल इंग्रजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात शेजाऱ्याची पूर्वापार सीमा सरकवण्यास मनाई आहे, आणि सरकवणाऱ्यास शापही आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय याहून सावध आहे. वरच्या खुणांवर विसंबून न राहता दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशा मातीत लवकर न विरणाऱ्या वस्तू सीमेखाली गुप्तपणे पुराव्यात, असे तेथे सांगितले आहे. आपल्या कोकणपट्टीत शिलाहारकालीन ‘गधेगाळ’ सापडतात. वर चंद्रसूर्य, दानाचा लेख, आणि दान मोडणाऱ्यासाठी कोरलेला शाप. त्या शापशिल्पाचे वर्णन या पानांवर करणे उचित होणार नाही. पण माणसाच्या लोभाची धास्ती तेव्हाही किती होती, हे त्यावरून कळते.

तथापि शेतांचे कोपरे मोजून ते कागदावर उतरवण्याचे व तेथे खुणा करण्याचे पद्धतशीर काम मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात झाले. पेशवाई बुडाल्यानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये केलेली पाहणी फसली. निव्वळ उत्पन्न काढण्याच्या तिच्या किचकट हिशेबातून सारा इतका चढला की रयतेने जमिनी टाकून दिल्या. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी व विंगेट हे लष्करी इंजिनिअर यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली, १८६५ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला आणि पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात ती सामावली गेली.

साखळी ३३ फुटांची असे. तिचे १६ भाग, त्यांना ‘आणे’ म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट; असे ४० गुंठे म्हणजे एकर. मोजणीदार शेतात एक पायारेषा धरी, शंकूच्या साह्याने तिच्यावर काटकोनात लंब टाकी आणि कोपऱ्यांची अंतरे ‘टिपणा’त नोंदवी. हद्दीचा वाद उभा राहिला की भूमी अभिलेख कार्यालयातून आजही हेच टिपण शोधावे लागते. पण टिपण अंतर सांगते. ते कोठून मोजायचे, हे दगड सांगतो. हातात नकाशा आहे आणि शिवारात एकही खूण नाही, अशी स्थिती आज कितीतरी गावांत आहे. काही दगड ट्रॅक्टरने उखडले, काही रस्त्याखाली गेले, काही घराच्या जोत्यात बसले. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याने अनेक जिल्ह्यांत सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा जुन्या खुणांची आस्था आणखीच उणावली. वास्तविक, त्या जतन करण्याची जबाबदारी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जमीनधारकावरच टाकली आहे. हे किती धारकांना ठाऊक आहे?

आम्ही टिपणाची नक्कल, फीत आणि एक पहार घेऊन निघालो. धाकट्या भावाने विहिरीवरचा धुणे धुण्याचा दगड दाखवला. “फादर, हाच तो. बाबांनी इथे आणला.” दगड घडीव होता, कदाचित खराही असेल, पण एकदा जागेवरून उठला की त्याची साक्ष संपते. थोरल्याला याचा थोडा आनंद झाला, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

रस्त्याकडेला थोरल्याच्या नंबराचा एक कोपरा शाबूत होता. तेथून मापे टाकत आम्ही बावखलाच्या काठी आलो. तिसऱ्या दिवशी चिंचेच्या मुळाशी, हातभर मातीखाली, पहार खणकन वाजली. दगड उभाच होता. या दोन स्थिर खुणांवरून टिपणाच्या आधारे विहिरीजवळचा हरवलेला कोपरा काढला, दोरी ताणली, आणि दोघेही भाऊ गप्प झाले. बांध सरकला नव्हता, तो फिरला होता. बावखलाच्या टोकाला थोरला धाकट्याच्या जमिनीत चार फूट शिरला होता. विहिरीच्या टोकाला धाकटा थोरल्याच्या जमिनीत तीन फूट.

आमच्या दोरीला कायद्यात काही किंमत नाही, हे आम्ही त्यांना तेथेच सांगितले. सरकारी मोजणीच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या, फी निम्मी-निम्मी भरली. चिंचेखालचा खड्डा बुजवू नका, भूकरमापक येईपर्यंत वर झापे घालून ठेवा, एवढे सांगून आम्ही सायंकाळच्या प्रार्थनेला परतलो. झापे थोरल्याने आणले. ते धरायला धाकटा खड्ड्यात उतरला होता.