एका कुशीवरचे अंडे

बिलोलीच्या बसस्थानकाबाहेर दिवेलागणीच्या सुमारास अंड्याची जी हातगाडी उभी राहते, तिच्याजवळ अर्धा तास निमूटपणे उभे राहण्याची सवड ज्याच्यापाशी असेल, त्याला मनुष्यस्वभावाच्या वैचित्र्याविषयी जे ज्ञान प्राप्त होते, ते कचेरीत तीस वर्षे दफ्तरे चाळूनही मला झाले नव्हते. मांजरेच्या पात्रातून वाळू वाहणारा ट्रकचालक येतो, 'डबल हाफ फ्राय, वरून तिखट' एवढे बोलतो आणि बाकावर बसतो. त्याच्या मागोमाग येणारे गुरुजी हाफ फ्रायच मागतात, परंतु 'पिवळं मात्र पक्कं पाहिजे बरं का' अशी पुस्ती जोडून आपल्याच मागणीचा अर्धा भाग रद्दबातल ठरवतात. मशिदीकडच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ 'जर्दी को हात नक्को लगाव' असे बजावतात आणि बलक फुटला तर ते अंडे शेजाऱ्याच्या ताटलीत टाकायला लावतात. एकाला कडेची तपकिरी झालर कुरकुरल्याखेरीज अंडे म्हणजे आजाऱ्याचे पथ्य वाटते, तर दुसऱ्याला तीच झालर म्हणजे करपलेपणाचा कबुलीजबाब वाटतो. गाडीवाला कोणाशीही वाद घालीत नाही. एकाच तव्यावर, एकाच तेलात, तो हे सारे दावे निकालात काढतो.

या मागण्या ऐकता ऐकता माझे लक्ष प्रथम गेले ते शब्दाकडे. इंग्रजीतील 'फ्राय' या एका शब्दाच्या पोटात मराठीची किमान तीन क्रियापदे राहतात. बुडेल इतक्या तेलात सोडणे ते तळणे, थोड्या तेलावर हलवीत राहणे ते परतणे, आणि तव्यावर ठेवून उष्णतेच्या स्वाधीन करणे ते भाजणे किंवा शेकणे. तव्यावर फोडलेले अंडे यांपैकी कोणत्याच क्रियेत चोख बसत नाही. तेल असते म्हणून ते भाजणे नव्हे, बुडत नाही म्हणून तळणे नव्हे, आणि हलवले तर त्याची भुर्जी होते म्हणून परतणेही नव्हे. 'तळलेले अंडे' हा शब्दप्रयोग शाळेच्या पुस्तकात शोभेल, परंतु गाडीवर कोणी उच्चारला तर गाडीवाला मान वर करून पाहील. म्हणून 'फ्राय' हा शब्द आपण जसाच्या तसा आत घेतला, आणि एकदा आत आल्यावर त्याला इतके मोकाट सोडले की जिच्यात तळणे नावालाही नाही अशा डाळीलाही आपण 'दाल फ्राय' म्हणू लागलो. आम्लेटाच्या बाबतीत मात्र आपल्या घरांनी स्वत्व राखले होते. मूळ फ्रेंचमध्ये पातळ पात्याचा अर्थ वाहणारा हा शब्द आपल्याकडे 'मामलेट' होऊन फिरला खरा, पण स्वयंपाकघरात त्याचे नाव 'अंड्याची पोळी' असेच होते, आणि ते नाव मूळ शब्दाच्या अर्थाशी प्रामाणिकही होते.

स्वयंपाकघरात असे मी म्हणालो, परंतु आमच्यासारख्या घरांत अंड्याला स्वयंपाकघराची पायरी चढण्याची मुभा नव्हती. मनुस्मृतीने गावकोंबड्याला अभक्ष्यांच्या यादीत घातले, आणि कोंबड्याचा दोष अंड्यालाही लागला. चरकसंहितेचे मत निराळे होते. हंस, चकोर, कोंबडी, मोर व चिमणी यांच्या अंड्यांची तिने क्षीणतेवर आणि खोकल्यावर हितकर म्हणून गणना केली आहे. या दोन आप्तवाक्यांमधून आमच्या आजीने जी वाट काढली ती अशी, की औषध म्हणून अंडे चालेल, परंतु ते मागीलदारी, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या खापरावर शिजेल, आणि शिजवणारा आंघोळ केल्याशिवाय आत येणार नाही. माझा थोरला भाऊ कावीळ होऊन उठला त्या वर्षी हे औषध त्याला महिनाभर चालू होते, आणि त्याची प्रकृती सुधारल्यावरही ते बंद करण्याचे कोणाला स्मरण राहिले नाही.

त्या मागीलदारच्या चुलीवर मी जे पाहिले, त्यावरून माझे असे मत बनले आहे की अंड्याविषयीची आवडनिवड जिभेवर जन्मत नाही, ती चुलीत जन्मते. आमच्या भागातला भाकरीचा तवा खोलगट. करडईचे तेल सोडून अंडे फोडले की ते पसरण्याऐवजी मध्यभागी डबके होऊन बसते. तुराट्यांचा जाळ एकदम भडकतो आणि एकदम बसतो; त्याला मंद ठेवणे हे सासूला गप्प ठेवण्याइतके अवघड. परिणामी खालची बाजू काळी पडू लागते तरी वरचे पांढरे लसलसतच राहते, आणि बाईमाणसाला उलथण्याने ते पालथे घालण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. म्हणजे आमच्याकडची मूळची रीत दोन्ही अंगे शेकण्याची, आणि बलक फुटणे हा तिच्यात अपघात नसून नियम होता. जिथे हे झंझट नको असेल तिथे उकळत्या काळ्या मसाल्याच्या रश्शातच अंडे फोडून सोडीत, आणि भाकरी कुसकरून खात. 'बलक वाहता की घट्ट' हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. चुलीने तो परस्पर निकालात काढलेला होता.

यामागचे कारण अंड्याच्या घडणीत आहे. पांढरा भाग सुमारे 62 अंश सेल्सिअसला थिजू लागतो, पण त्यातील मुख्य प्रथिन पक्के बसायला 80 अंशांपर्यंत उष्णता लागते. बलक मात्र 65 अंशांना दाट होऊ लागतो आणि 70 च्या आसपास घट्ट होतो. याचा अर्थ असा, की पांढरे पुरते शिजावे आणि पिवळे वाहते राहावे अशी इच्छा धरणारा मनुष्य निसर्गक्रमाच्या उलट मागणी करीत असतो. ती मागणी पुरी होते ती केवळ बलक उंचावर, तव्यापासून दूर, पांढऱ्याच्या गादीवर बसलेला असतो म्हणून, आणि ती संधीही फार थोडा वेळ टिकते. ती साधायची तर सपाट, जाड तवा हवा, हुकमात राहणारी आच हवी, आणि वरच्या पांढऱ्यावर उकळते तेल उडवणारा किंवा क्षणभर झाकण ठेवणारा हात हवा. फ्रान्स लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने 1892 साली काढलेला पंपाचा प्रायमस स्टोव्ह जेव्हा आपल्या बाजारपेठांत आला, तेव्हा ही आच प्रथमच सामान्य माणसाच्या मुठीत आली. गुरुजींचा 'हाफ फ्राय, पण पक्कं' हा आत्मविरोधी हुकूम गाडीवाला याच झाकणाने तामील करतो. खालून एक अंग शेकलेले, वरून वाफेने बलकावर पांढरी साय धरलेली. पाहणाऱ्याला हाफ, खाणाऱ्याला फुल.

एका अंगावर शेकलेले अंडे आमच्या मुलखात आले ते दोन वाटांनी, आणि पहिली वाट सरकारी होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 साली जिल्हाबंदी केली आणि अव्वल तालुकदारापासून तहसीलदारापर्यंतचे अधिकारी दौऱ्यावर फिरू लागले. बिलोली ही तहसीलची जागा. दौऱ्यावरच्या साहेबाला परक्या गावात निर्धास्तपणे खाता येईल असा जिन्नस एकच, तो म्हणजे ज्याच्यावर निसर्गानेच मोहोर लावून पाठवले आहे ते अंडे. इंग्रजी मुलखातल्या डाक बंगल्यांची कीर्ती तर अशी होती, की साहेब उतरताच जी कोंबडी धरून भाजली जाई तिला 'सडन डेथ' हे टोपणनाव पडले आणि 1886 सालच्या 'हॉबसन-जॉबसन' या कोशात त्याची रीतसर नोंद झाली. कोंबडीचा असा आकस्मिक अंत होईपर्यंत साहेबाच्या पुढ्यात काय ठेवायचे याचे उत्तर खानसाम्यापाशी अंडे हेच असे. हैदराबादी घरांचा कल मात्र खागिन्याकडे होता. फारसीत 'खाग' म्हणजे अंडे, त्यावरून खागिना. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून घोटलेला, आपल्या भुर्जीचा दरबारी चुलतभाऊ. ज्यांच्या घरी खागिना होई, त्यांना एका अंगावरचे अंडे म्हणजे स्वयंपाकीण मध्येच उठून गेल्यासारखे वाटे.

दुसरी वाट इराण्यांची. यज्द आणि किरमानकडून आलेल्या या उद्यमी लोकांनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली, त्यांतले धोबीतलावचे कयानी 1904 पासूनचे आहे. हैदराबाद-सिकंदराबादेतही इराणी चहाखाने उभे राहिले. मी पहिले हाफ फ्राय पाहिले ते सिकंदराबादेस, मामांच्या सोबत, धर्माबादेहून मीटरगेजच्या गाडीने गेलो होतो तेव्हा. संगमरवरी मेजावर चिनी बशी आली, तिच्यात एक पिवळा डोळा माझ्याकडे टक लावून पाहत होता, आणि मी त्यावर चमचा मारण्यास धजेना. मामांनी पावाचा तुकडा मोडून थेट त्या डोळ्यात बुडवला. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की इराणात या पदार्थाला 'नीमरू' म्हणतात. यातला 'नीम' आपल्याला परका नाही. निमगोरा, निमसरकारी यांतला तोच अर्धा. 'रू' म्हणजे चेहरा, रूबरूमधला. अर्ध्या चेहऱ्याचे अंडे! इराण्याच्या घरचा 'नीम' आणि त्याच्या दुकानातला 'हाफ' यांची सोयरीक लावून देण्याचा मोह मी आवरतो, कारण नावाच्या साधर्म्यावर वंशावळ रचणे हा आमच्याकडील वतनदारीच्या भांडणांतला जुना दोष आहे. पण बाबा आझमच्या काळापासून ज्यांच्या घरी अर्ध्या चेहऱ्याचे अंडे होत आले, त्यांच्याच हातून अर्धे तळलेले अंडे आम्हाला मिळावे, हे मला फार गोड वाटते.

इतर लोकांनी या बशीत नाना वस्तू पाहिल्या. जर्मनांना आरसा दिसला, जपान्यांना बुबुळ, पोर्तुगीजांना तारा, अमेरिकनांना वर तोंड केलेला सूर्य. केरळात त्याला 'बुल्स आय' म्हणतात, आणि बंगाल्यांनी पाण्यात शिजणाऱ्या अंड्याचे 'पोच' हे नाव याला देऊन टाकले. वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराने 1618 साली, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, अंडी तळणारी म्हातारी रंगवली. मडक्यातल्या तेलात पांढरे नुकते थिजू लागले आहे तोच क्षण त्याने पकडला, आणि म्हातारीचा चमचा अधांतरी आहे. एवढ्या कल्पक जगात आपण मात्र हिशेबी निघालो. बुबुळ नाही, तारा नाही. काम किती झाले तेवढे मोजले आणि 'हाफ' अशी नोंद केली.

गाडीवर अंडे स्वस्त झाले ते मात्र चुलीमुळे नव्हे, कोंबडीमुळे. गावरान कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते आणि मध्येच खुडूक बसून मालकाला जाब विचारते. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी 300 च्या घरात जाते. 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने अंडी उत्पादकांची समन्वय समिती स्थापन झाली, तिच्या 'संडे हो या मंडे'ने आमच्या आजीच्या औषधी सबबीची गरजच संपवली. तरी आठवडी बाजारात गावरान अंडे आजही चढ्या भावाने विकले जाते, आणि त्याच्या केशरी बलकाला लोक पौष्टिकतेची सनद मानतात. वास्तविक तो रंग कोंबडीने खाल्लेल्या पाल्याचा आणि मक्याचा असतो. हाफ फ्रायला गावरानापेक्षा महत्त्वाचे असते ते ताजेपण. ताज्या अंड्याचे पांढरे बलकाभोवती गोळा होऊन राहते, शिळ्याचे पाण्यासारखे पळते. आमचा गाडीवाला म्हणूनच प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडतो, आणि पांढरे सैल दिसले की निमूटपणे त्याची भुर्जी करतो. भुर्जी मागणाऱ्यांनी हे वाचू नये.

1956 साली भाषावार रचना झाली, मुधोळ तालुका आमच्या नांदेड जिल्ह्यातून पलीकडे गेला, आणि मांजरेच्या दोन काठांना दोन राज्ये मिळाली. खाण्याची मागणी मात्र अजून कोणत्याच नाक्यावर अडवली जात नाही. गेल्या पावसाळ्यात असाच गाडीपाशी उभा असताना दूर तमिळ मुलखातला एक लॉरीचालक आला आणि 'हाफ बॉइल, दोन' म्हणाला. गाडीवाल्याने शेजारच्या पातेल्यात दोन अंडी उकळायला टाकली. चालक हात हलवून नाही म्हणू लागला. त्याच्याकडे तव्यावरच्या एका अंगाच्या अंड्यालाच 'हाफ बॉइल' म्हणतात, हे येथे कोणाला ठाऊक! त्याला हिंदी येत नव्हती, गाडीवाल्याला तमिळ येत नव्हती. शेवटी चालकाने डावा तळहात उताणा धरला, त्यावर उजव्या हाताची मूठ ठेवली, आणि तळहात उलटा करून 'हे नको' अशी मान हलवली.

'अरे, एका बाजूचं म्हण की!' गाडीवाला म्हणाला, आणि त्याने तव्यावर तेल सोडले.

उकडलेली ती दोन अंडी गुरुजींनी घेतली. त्यांतला बलक पक्का होता.