उंबऱ्यावर अडलेले

मंडळी, निवृत्त मास्तरणीने मोबाइलच्या ॲपबद्दल लिहावं हा तसा आगाऊपणाच! पण तीस वर्षं इतिहास शिकवलाय. कुठलीही गोष्ट दिसली की "हे कधीपासून?" हा प्रश्न तोंडात येतोच.

गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. ती ॲप बनवायला शिकतेय. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून म्हणाली, "आजी, एसडीके टाकतेय." एसडीके म्हणजे ॲप बनवायच्या अवजारांची पेटी. आपण लिहिलेला प्रोग्रॅम फोनला समजेल अशा रूपात आणणारी अवजारं तिच्यात असतात. कॅमेरा, पडदा, आवाज यांच्याकडून काम करून घ्यायचे तयार भाग असतात. शिवाय एम्युलेटर असतो, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा खोटा फोन. चहाच्या वेळेपर्यंत त्या खोट्या फोनवर "नमस्कार आजी" अशी अक्षरं उमटली. कौतुक वाटलं, आणि लगेच पोटात काहीतरी कालवलं. का, ते शेवटी सांगते. आधी इतिहास. (सवय हो, दुसरं काय!)

२००७ साल. ९ जानेवारीला स्टीव्ह जॉब्सने आयफोन जगाला दाखवला, २९ जूनला तो अमेरिकेत विक्रीला आला. पण बाहेरच्या माणसाला त्यात आपला प्रोग्रॅम घालायची सोयच नव्हती. वेबपानं बनवा आणि ब्राउझरमध्ये चालवा, असं ॲपलचं सांगणं. लोकांचं समाधान झालं नाही. शेवटी १७ ऑक्टोबरला जॉब्सने जाहीर केलं की अवजारं देऊ. ती ६ मार्च २००८ रोजी आली आणि पहिल्या चार दिवसांत एक लाखाहून जास्त जणांनी उतरवून घेतली, असं ॲपलनेच सांगितलं. १० जुलैला ॲप स्टोअर उघडलं तेव्हा तिथे सुमारे ५०० ॲप होती. पेटी फुकट होती खरी, पण ती चालवायला इंटेल प्रोसेसरचा मॅक लागे, आणि ॲप त्या दुकानात मांडायचं तर वर्षाला ९९ डॉलर.

गूगलचं उलटं. त्यांनी अँड्रॉइडची पेटी आधी दिली, १२ नोव्हेंबर २००७ला, आणि फोन नंतर! पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, अमेरिकेत विक्रीला आला तो ऑक्टोबर २००८मध्ये. मधले अकरा महिने लोकांनी फक्त त्या खोट्या फोनवर काम केलं. गूगलने एक कोटी डॉलरची बक्षिसं लावली होती. एप्रिल २००८पर्यंत १,७८८ ॲप आली, कोणालाही विकत घेता येत नसलेल्या फोनसाठी! आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती तेव्हा विज्ञानाचे सर फळ्यावर चंचुपात्र काढून रसायनशास्त्र शिकवत, त्याची आठवण झाली. आणि ही पेटी विंडोजवरही चालायची. म्हणजे आपल्याकडच्या साध्या संगणकावरसुद्धा.

पण फुकट म्हणजे सोपं नव्हे. तेव्हा आधी जावाची अवजारं टाकायची, मग एक्लिप्स नावाचा लिहायचा प्रोग्रॅम, मग अँड्रॉइडची पेटी, मग त्या दोघांना जोडणारं एडीटी, मग अँड्रॉइडच्या ज्या आवृत्तीसाठी ॲप हवं तिचे भाग वेगळे. शेवटी कुठली वस्तू कुठे ठेवली आहे ते संगणकाला अक्षर न अक्षर सांगायचं. आणि तो खोटा फोन! फोनच्या प्रोसेसरची नक्कल संगणकाच्या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरला करावी लागे, त्यामुळे सुरू व्हायलाच बराच वेळ लागायचा.

माझा भाचा २०११मध्ये या उंबऱ्यावर अडला. डिप्लोमाला होता. गावात लोडशेडिंग, संगणक जुना, इंटरनेट रडतखडत चालणारं. निम्मी फाइल उतरली की वीज गुल. त्याला बनवायचं काय होतं, माहीत आहे? वीज कधी जाणार ते सांगणारं ॲप! मला इतकं हसू आलं होतं. तीन आठवड्यांनी त्याने नाद सोडला. मी चारचौघांत म्हटलं, "हा असाच, धरसोड्या." मास्तरणीचा शेरा, खोडरबरने जात नाही.

पुढे हा उंबरा खाली आला. गूगलने मे २०१३मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, डिसेंबर २०१४मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. लिहायचा प्रोग्रॅम आणि अवजारं एकाच ठिकाणी. २०१६पासून जावाची अवजारंही त्यातच मिळू लागली. नातीची दुपार सोपी गेली ती यामुळे. आणि हो, तिचा लॅपटॉप नवा आहे, घरात वायफाय आहे, हेही लिहायला हवं.

त्या संध्याकाळी भाच्याला फोन केला. विचारलं, "तेव्हा नेमकं कुठे अडलं होतं रे?" चौदा-पंधरा वर्षांनी पहिल्यांदा विचारलं.

तो म्हणाला, "आत्या, जावाचे दोन संच असायचे. जेआरई आणि जेडीके. पहिल्याने दुसऱ्यांचे प्रोग्रॅम चालवता येतात, दुसऱ्याने आपले बनवता येतात. मी पहिलाच टाकून बसलो होतो. हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. कळलं तोवर दोन वर्षं गेली होती."

म्हणजे एवढंच! वाचायचं पुस्तक हाती होतं, लिहायची लेखणी नव्हती. आणि मी मुलाचं अक्षर वाईट म्हणून मोकळी झाले. वर्गात मी कायम पोचलेल्यांचा इतिहास शिकवला. ५०० ॲप मोजता येतात, १,७८८ मोजता येतात. उंबऱ्यावरून परत फिरलेल्यांची नोंद कुठेच नसते. ती विचारूनच घ्यावी लागते.

मी म्हटलं, "चुकलं रे माझं." तो हसला. मग म्हणाला, "धरसोड्या म्हणाली होतीस, आत्या. आठवतंय मला."

दिवाळीत दोघांनाही घरी बोलावलंय. नात म्हणते, "मामाचं ते विजेचं ॲप आपण करू." भाचा म्हणतो, "अगं, आता घरी इन्व्हर्टर आहे." पण येतो म्हणालाय.