पाडावं की सावरावं?

संगणकाच्या क्षेत्रात एक जुना वाद आहे. वर्षानुवर्षं ठिगळं लावलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करत राहायचं, की ते बाजूला ठेवून सगळं नव्यानं लिहायचं? हा वाद समजून घ्यायला लातूरकरांना लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं असाच प्रश्न घराघरापुढे उभा केला होता.

त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक घरं दगडमातीची, वर माळवद. गळती थांबावी म्हणून माळवदावर वेळोवेळी मातीचा नवा थर पडे. गळती थांबे, पण ओझं वाढे. भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसत. हादऱ्यानं त्या भिंती फुटल्या. मात्र पुष्कळ घरांतले लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. म्हणजे सगळंच टाकाऊ नव्हतं.

शासनानं जागतिक बँकेच्या मदतीनं दोन्ही वाटा धरल्या. ५२ गावं नव्या जागी वसली. कमी हानी झालेल्या गावांतल्या सुमारे दोन लाख कुटुंबांना दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी मदत मिळाली. अभियंते सांगत, माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, लाकडी सांगाड्याला तिरपे आधार द्या. पण ज्यांनी दगडांखालून आपली माणसं काढली, त्यांना त्या भिंतीचा भरवसा कसा वाटावा? अनेकांनी त्या पैशांत नवी पक्की खोलीच बांधली.

नव्या गावांत रस्ते रुंद झाले, घरं मजबूत झाली. पण अंगण, गोठा, भावकीचा शेजार हे सारं जुन्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं होतं. नकाशात ते पुरतं उतरलं नाही. लोकांनी मग आपल्या हातानं पडव्या आणि भिंती वाढवल्या.

सॉफ्टवेअरचंही असंच होतं. अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीनं १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा जुना कोड सोडून नवा लिहायला घेतला. नवी आवृत्ती २००० च्या अखेरीस आली, तोवर मायक्रोसॉफ्टनं बाजार काबीज केला होता. श्रम वाया गेले नाहीत. त्याच पायावर २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला. पण नेटस्केपला त्याचा उपयोग नव्हता.

तेव्हा ठिगळांना कंटाळून निर्णय घेऊ नये. आधी पाहावं, भार कशानं पेलला आणि घात कशानं केला. खांब शाबूत असतील तर माती उतरवावी. पायाच खचला असेल तर मात्र गाव हलवावं, आणि हलवताना अंगण विसरू नये.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)