हातांच्या भेगा आणि भिरंडेल

पणजी शहराच्या मध्यभागी, चर्चच्या समोर, जे जुने उद्यान आहे त्याला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. ऑर्ता १५३४ साली गोव्यात आला, येथेच त्याने आयुष्यभर वैद्यकी केली आणि १५६३ साली हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील आपला संवादरूप ग्रंथ गोव्याच्याच छापखान्यातून प्रसिद्ध केला. १५६८ साली तो वारला. पुढे बारा वर्षांनी धर्मन्यायसभेने त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली, आणि कालांतराने त्याच राजवटीच्या राजधानीत त्याच्या नावाची बाग उभी राहिली. इतिहासाचे असे चमत्कार गोव्याला नवे नाहीत.

या ग्रंथाच्या दहाव्या संवादात 'ब्रिंदांव' नावाच्या एका फळाची हकीकत आहे. कोकणात ज्याला रातांबा किंवा भिरंड म्हणतात तेच हे फळ. 'ब्रिंदांव' हे भिरंडाचेच पोर्तुगीज वळण दिसते. ऑर्ताने त्याचा आंबटपणा वर्णिला आणि त्याच्या सालीपासून शिरका करतात हेही नमूद केले. पुढील पंडितांनी या झाडाला 'गार्सिनिया इंडिका' असे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा हा मान ऑर्ताला मिळाला असे कोणाही गोवेकराला वाटावे. परंतु 'गार्सिनिया' हे कुलनाम लिनिअसने लॉराँ गार्सँ या अठराव्या शतकातील दुसऱ्याच निसर्गाभ्यासकावरून ठेवले आहे. ऑर्ताच्या संवादांत अंतोनिया नावाची एक सेविका अधूनमधून येते. मालकाने हाक मारली की ती पाला, फळे, मुळ्या आणून समोर ठेवते आणि निघून जाते. चर्चा मग दोन विद्वानांची चालते. भिरंडाची साल आणि रस या चर्चेत आला. त्याच्या बियांतून निघणाऱ्या तेलाने कोणाच्या हातांच्या भेगा भरतात, हे मात्र त्यात आले नाही.

हे तेल म्हणजेच भिरंडेल. कोणी त्याला कोकमतेल म्हणतात, कोणी मुठेल. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते फार उशिरा, डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली. ऑर्ताच्या काळी या भागावर पणजीची सत्ता नव्हती, आणि पुढेही येथला घरगुती व्यवहार सावंतवाडी-वेंगुर्ल्याशीच अधिक जुळत राहिला. त्यामुळे तेरेखोलच्या अलीकडे आणि पलीकडे भिरंडेल करण्याची रीत एकच आहे. वैशाखात रातांबे फोडून साली आमसुलांसाठी वेगळ्या काढायच्या. उरलेल्या बिया धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, वरचे कवच फोडून आतला गर उखळात कांडायचा आणि ती पूड पाण्यात घालून मंद आचेवर शिजवायची. पाण्यावर जो तवंग येतो तो काढून घ्यायचा. निवताना तो घट्ट होऊ लागतो, तेव्हा मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. मुठेल हे नाव त्यावरूनच. कांडण्यातला अर्धा जीव आणि चुलीपुढचा अर्धा दिवस गेल्यावर हाती येतात ते चार फिकट पांढरे गोळे. ते एखाद्या कोनाड्यात ठेवले की वर्षभर पुरतात.

या गोळ्यांची आठवण होते ती पाऊस सरून थंडी पडल्यावर. गोव्याची हवा दमट खरी. पण मार्गशीर्ष-पौषात पहाटे घाटाकडून कोरडा वारा सुटतो. त्यातच भांडी राखेने घासणे, शेतातला चिखल, सोडणाचे काथ्याकाम, मिठागराचे खारे पाणी, माशांची साफसफाई! तळहाताच्या त्वचेत तेल स्रवणाऱ्या ग्रंथीच नसतात. शरीराच्या इतर भागाला जे आपोआप मिळते ते तळहाताला बाहेरून द्यावे लागते, आणि सर्वांत जास्त घासला जातो तोही तळहातच. त्वचेच्या वरच्या थरातील पेशींमध्ये जो स्निग्ध अंश असतो तो साबणाने व राखेने निघून जातो, आतला ओलावा उडतो, थर ताठर होतो आणि वाकवला की फुटतो. भेग पडते ती अशी.

आयुर्वेदाला हा विकार नवा नव्हता. चरकसंहितेत हातपाय फुटून तीव्र वेदना होण्याच्या अवस्थेला 'विपादिका' म्हटले आहे आणि तिच्यासाठी तूप व तेल यांत औषधी सिद्ध करून, राळ आणि मेण मिसळून लेप सांगितला आहे. मेण घालण्यात मर्म आहे. नुसते पातळ तेल लावले तर ते पुसले जाते. मेणाने त्याला घट्टपणा येतो आणि ते भेगेत टिकते. भिरंडेलाला हा घट्टपणा उपजतच मिळाला आहे. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. ते साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे हाताच्या उष्णतेने वाहून जात नाही, आणि तरी चोळले की मऊ होऊन पसरते. चरकाच्या वैद्याला जे मेण घालून साधावे लागे, ते पेडण्याच्या बाईला बी कांडून साधता आले.

१६१८ साली गोव्याच्या नगरसभेने परीक्षा घेऊन परवाना दिलेल्या हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली. १८४२ साली पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. या दोन्ही घटनांचा भिरंडेलावर काही परिणाम झाला असेल असे वाटत नाही. कोनाड्यातल्या गोळ्याला परवाना लागत नव्हता. विद्वानांचे लक्ष त्याच्याकडे वळले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही गमतीच्या वाटेने. फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ साली लंडनमध्ये निघालेल्या 'फार्माकोग्राफिया' या ग्रंथात भिरंडेलावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि गोव्यात हे तेल तुपात भेसळ करण्यासाठी वापरले जाते या जुन्या नोंदीचा उल्लेख तेथे सापडतो. तूप थिजते तसेच हेही थिजते, हा त्याचा गुण आधी व्यापाऱ्याच्या ध्यानात आला असावा. औषध म्हणून त्याची कीर्ती ग्रंथांत येण्यापूर्वी भेसळ म्हणून त्याची कुप्रसिद्धी झाली, असे म्हटले तरी चालेल.

त्याच सुमारास जगात दुसरी मलमे पुढे येत होती. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली खनिज तेलाच्या गाळापासून काढलेल्या व्हॅसलिनचे पेटंट घेतले. १८८२ च्या सुमारास जर्मनीत मेंढीच्या लोकरीतील मेदापासून लॅनोलिन तयार झाले. ओलावा उडू न देणे हेच या सर्वांचे मुख्य काम. त्या कामात व्हॅसलिन भिरंडेलापेक्षा कमी नाही, किंबहुना काकणभर सरसच आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ते बरणीतून मिळते आणि त्यासाठी कोणाला उखळापुढे बसावे लागत नाही.

परंतु पेडणे-डिचोलीच्या डोंगरउतारांवर भिरंडाच्या शेजारीच दुसरे एक झाड उभे आहे, आणि हातांची खरी कथा त्याच्याजवळ येऊन थांबते. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. तो बिब्ब्याच्या कुळातला. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला काजूच्या टरफलातल्या तेलाविषयी अधिक सांगायला नको. ओले गर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची साल निघते, कातडी काळवंडते, फोड येतात. घरी चार दिवसांचे हे काम; कारखान्यात ते वर्षभराचे. बी वाफवून यंत्राने फोडली तरी टरफलातले तेल बोटांना लागतेच. त्यावर उपाय म्हणून हातांना खोबरेल किंवा एरंडेल चोळायचे आणि वर राख लावायची, ही चाल ठिकठिकाणी आढळते. या आडोशाने दाह थोडा लांबतो, टळत नाही. भाजलेल्या कातडीवर रात्री भिरंडेल लावले तर ताण कमी होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हात पुन्हा त्याच तेलात जातो.

येथे दूरच्या एका रुग्णालयातील प्रसंग आठवतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ च्या हिवाळ्यात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघाले. शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड याने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले, आणि पुढच्याच वर्षी तिच्याशी विवाह केला. शस्त्रक्रियेतील रबरी मोज्यांचा उगम रोग्याच्या रक्षणात नव्हे, एका बाईच्या हातांच्या काळजीत आहे. त्या हातांना मलम सुचवले गेले नाही. दाहक द्रव्य हाताला लागूच नये अशी योजना झाली. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बाबतीत मोज्यांचे नाव निघाले की अडचण ठरलेली असते. मजुरी फोडलेल्या मालाच्या वजनावर मिळते, मोजे घातले की बोटे मंदावतात, गर तुटतो आणि पैसे कापले जातात. बाई मोजे काढून ठेवते आणि राखेचा डबा जवळ ओढते. तिचे अज्ञान हे त्याचे कारण नव्हे; मजुरी मोजण्याची रीत हे आहे.

दरम्यान भिरंडेल मात्र मोठ्या घरी नांदू लागले आहे. २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोकोखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना परवानगी दिली त्यांत कोकमाचे तेल आहे. सौंदर्यप्रसाधनांत ते रंग-गंध काढून वापरले जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही कोकमाची सुधारित जात प्रसारित केली. बियांना बाहेर गिऱ्हाईक आहे म्हणून त्या विकल्या जातात, आणि मुठीने वळलेला गोळा घरात क्वचित दिसतो.

ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी रात्री हात कोमट पाण्याने धुवावेत, टिपून घ्यावेत, पण अगदी कोरडे करू नयेत. गोळा चुलीच्या किंवा दिव्याच्या धगीला क्षणभर धरून भेगांत दाबून चोळावा आणि वर जुने सुती फडके गुंडाळावे. भेगेतून पू येत असेल, खाज किंवा पुरळ पसरत असेल, तर मात्र गोळा कोनाड्यात ठेवून डॉक्टरकडे जावे.