दिवाण्या निजामशहाच्या पापण्या

आजचें अहिल्यानगर म्हणजे आपल्या इतिहासांतलें अहमदनगर. त्या शहराबाहेर, एकेकाळच्या तलावाच्या मध्यभागीं, १५८३ सालीं पुरा झालेला फराहबाग महाल अजून उभा आहे. तो पाहतांना आम्हांस पहिल्या मुर्तजा निजामशहाची (१५६५–१५८८) आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. लोकांनीं त्याला ‘दिवाणा’ म्हटलें आणि इतिहासकारांनीं तें नांव निमूटपणें कायम केलें.

वस्तुतः याच सुलतानानें १५७४ त वऱ्हाड आपल्या राज्यास जोडलें. पुढें मात्र तो एकांतांत शिरला आणि कारभार अखेरीस सलाबतखानाच्या हातीं गेला. फेरिस्ता सांगतो कीं, रत्नहारांत आपली फसवणूक झाली असें कळतांच शहानें जडजवाहीर आगींत टाकलें. ‘दिवाणा’ हें नांव तेव्हांपासूनचें. नंतर त्यानें पोटच्या पोराला जाळण्याचा यत्न केला, आणि १५८८ त त्याच पोरानें, मीरान हुसेनानें, बापाला तापलेल्या हमामांत कोंडून मारलें. फेरिस्ता हा ऐकीव लिहिणारा नव्हे; तो मुर्तजाच्याच पहाऱ्यावरील अंमलदार होता. पण बंड करून गादी घेणाऱ्या पुत्रास बाप वेडा ठरणें किती सोयीचें!

वेडाचा शोध घेणारे आज डोळ्यांकडेही पाहतात. ‘निमिष’ हें काळाचें माप आपण पापणीवरूनच घेतलें. शास्त्रज्ञांनीं आतां तीं निमिषें मोजलीं आहेत. शांत बसलेला मनुष्य मिनिटास साधारण १५ ते २० वेळां पापणी लववितो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमानसता, झालेल्या रोग्यांत ही गति वाढलेली असते, असें अमेरिकेंतील जॅनिस स्टीव्हन्स यांनीं १९७८ त नमूद केलें. क्रेग कार्सन यांनीं १९८३ त तिचा संबंध मेंदूंतील डोपामीन या द्रव्याशीं जोडला. कंपवातांत डोपामीन घटतें आणि पापण्याही मंदावतात. डोपामीनचें कार्य रोखणारीं औषधें दिलीं कीं छिन्नमानसाची उघडझाप उतरते. तथापि निरोगी माणसांत हा हिशेब सरळ जुळत नाहीं, असें अलीकडे दिसून आलें आहे. शिवाय वाचतांना पापण्या कमी लवतात, बोलतांना अधिक. म्हणून नुसत्या पापण्यांवरून निदान कोणी करीत नाहीं.

जिवंत रोगी समोर बसला असतां ही सावधगिरी! मग बंद दारांआड राहिलेल्या सुलतानास चार शतकांनंतर रोगाचें नांव देणारे आम्हांस फार धीट वाटतात. त्याचीं निमिषें कोणीं मोजलीं होतीं?

शहरापलीकडे डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. तिला लोक अजून चांदबिबीचा महाल म्हणतात.