मामा तलाव आणि त्यांचे राखणदार

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ असा एक शब्द वारंवार येतो. बाहेरगावचा माणूस तो वाचून जरा थबकतो. कुणाच्या मामाचा हा तलाव, असे त्याला वाटते. खुलासा अगदी साधा आहे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून कचेरीने हा ‘मामा’ तयार केला. मात्र त्या ‘माजी’ शब्दात आपल्या भागाचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तलाव कुणी बांधले, कुणी राखले, पुढे ते कुणाचेच का उरले नाहीत आणि आज कुडव्यासारख्या गावातल्या माणसाला त्यांच्यासाठी काय करता येईल, हे सारे त्या एका शब्दापासून उलगडत नेता येते.

कुडवा हे गोंदिया शहराला अगदी लागलेले गाव. जनगणनेच्या हिशेबी ते केव्हाच नगर झाले. पण नगर झाले म्हणून गावाची भूमी बदलत नाही. हा सारा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख. पाऊस सरासरी १२०० मिलिमीटरांच्या वर पडतो, म्हणजे तसा भरपूर. तरीही धानाला तो पुरतोच असे नाही. आषाढ-श्रावणात धो धो कोसळणारा पाऊस नेमका धान गर्भात असताना दडी मारतो. त्या पंधरा-वीस दिवसांत एक पाणी मिळाले तर कोठी भरते, न मिळाले तर तणीस तेवढी हाती लागते. पूर्व विदर्भातले तलाव जन्माला आले ते या एका पाण्यासाठी.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची आणि त्यांच्या ऊसशेतीची मुद्दाम नोंद आहे. गोंड राजांनी त्यांना उत्तरेकडून आणून येथे वसवले, असे परंपरा सांगते. जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन द्यायची, अशी गोंड राजवटीची चाल होती. विचार केला तर हे धोरण मोठे शहाणपणाचे होते. राजाच्या खजिन्यातून दमडी न जाता रान लागवडीखाली येई, आणि बांधणाऱ्याचे पोटच तलावाला बांधलेले असल्यामुळे देखभालीसाठी वेगळा अधिकारी नेमावा लागत नसे.

यांतला सर्वांत नामांकित तलाव म्हणजे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांच्या मधल्या खिंडी अडवून हा एवढा जलाशय उभा केला. हाताशी ना दुर्बीण, ना नकाशा. पावसाचे पाणी कुठून वाहते आणि कुठे थबकते, हे पाहून पाळीची जागा ठरवलेली. लोकांनी पुढे कोलू पाटलाला कोलासूर म्हणून देवत्व दिले. तलाव बांधणाऱ्याचा देव होतो, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या मुलांना जरूर सांगावी. राजेरजवाड्यांच्या सनावळ्यांपेक्षा ती त्यांच्या अधिक जवळची आहे.

आता तलावाची रचना पाहा. मातीची पाळ; तिच्यातून पाणी सोडायचे तुडुम; जादा पाणी सुखरूप निघून जावे म्हणून एका कडेला ठेवलेली सलंग; आणि खाली बांध्यांपर्यंत गेलेले पाट. वरच्या तलावाच्या सलंगीतून निघालेले पाणी वाया जात नसे. ते खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत उतरे. अशी एकाखाली एक साखळी. म्हणूनच एका गावाने पाळ फोडली की झळ दुसऱ्या गावाला लागे, आणि एका गावाने पाळ राखली की पुण्यही दुसऱ्याला मिळे.

१८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा वसूल भरणाऱ्या पाटला-मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. गाव त्याचे, म्हणून तलावही त्याचा. पण गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईवरचे, सरपणावरचे वहिवाटीचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून ठेवले होते. मालक एक आणि हक्कदार सारे गाव, असा तो मामला.

या काळाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. मला ते सर्वस्वी पटत नाही. पाळीवर जी माती पडे, ती पुष्कळदा बेगारीची असे. मालगुजाराच्या बांधीला पाणी आधी आणि गरिबाच्या बांधीला उरले तर, हेही चाले. तेव्हा मालगुजारी गेली ते बरेच झाले. पण एक गोष्ट खरी की पाळीला खेकड्याने भोक पाडले, तर ते त्याच दिवशी बुजवले जाई. कारण न बुजवल्यास कुणाचे नुकसान होईल हे सर्वांना ठाऊक होते आणि ज्याचे व्हायचे तो गावातच राहत होता.

तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी नष्ट केली. ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. बहुतेक तलाव सरकारजमा झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून अधिक. आता खेकड्याने भोक पाडले की अर्ज, अर्जावरून अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावरून मंजुरी. खेकडा काही मंजुरीची वाट पाहत नाही! गाळ साचला, पात्र उथळ झाले, कोरड्या पडलेल्या काठावर कुणी बांधी काढली, तर शहराजवळ कुणी भराव टाकून भूखंड पाडले. काठावर बेशरम माजली. मालक गेला आणि त्याच्या जागी गाव यायला हवे होते, ते आले नाही. पर्यावरणाची हानी म्हणून आपण ज्याला नाव देतो, तिचे आपल्या भागातले मूळ मला येथे दिसते.

पण गोष्ट इथेच थांबलेली नाही. अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ढिवर समाजाच्या मच्छीमारांबरोबर बसून एक साधा प्रश्न विचारला: तलावातला मासा का कमी झाला? उत्तर ढिवरांच्याच अनुभवात होते. रोहू-कतल्याचे बीज बाहेरून आणून सोडले, पण गावठी माशाला अंडी घालायला, लपायला, खायला जी पाण्याखालची झाडोरी लागते, ती नाहीशी झाली होती. म्हणून उन्हाळ्यात तळ उघडा पडला की नांगरट करायची, बेशरम मुळासकट उपटायची आणि चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती आणून लावायच्या, असे काम सुरू झाले. त्यात ढिवर बायांनी पुढाकार घेतला. पाणवनस्पती आल्या, तसे गावठी मासे आले, माशांमागून पक्षी आले. शास्त्र पुस्तकातले होते, पण कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर लावायची, हे ज्ञान जाळे टाकणाऱ्या हातांचे होते. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांचे उदाहरणही असेच आहे. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी-लेखकाला इथल्या पक्ष्यांच्या वाटा दाखवणारा हा माणूस गावचाच होता.

दुसरी गोष्ट सारसाची, आणि ती कुडव्याच्या अधिक जवळची. माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. गोंदिया तालुक्यातले परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव आणि त्यांच्या भोवतीच्या बांध्या हे त्याचे घर. पावसाळ्यात तो पाण्यात गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. पिले निघायला महिनाभर लागतो. हे घरटे पुष्कळदा कुणा शेतकऱ्याच्या धानातच असते. एका कोपऱ्यातले पीक थोडे तुडवले जाते. तेवढे सोसून, तिथली फवारणी टाळून घरट्याला पहारा देणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यात आहेत. ‘सेवा’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे अशा शेतकऱ्यांकडे खेपा घातल्या. शतकाच्या आरंभी बोटांवर मोजण्याइतके राहिलेले सारस त्यामुळे वाढले. तरी संकट टळलेले नाही. विजेच्या तारांना धडकून आणि शेतातल्या विषारी औषधांनी सारस मेले आहेत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि गोंदिया, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत सारस संवर्धनासाठी समित्या नेमायला लावल्या.

तर कुडव्याच्या वाचकाने यात कुठे शिरायचे? पहिले काम कागदाचे. आपल्या शिवारातला तलाव, बोडी, नाला निस्तारपत्रकात आणि सातबाऱ्यावर कसा लिहिला आहे, ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे. हे कंटाळवाणे वाटते खरे, पण भराव टाकणारा नेमका या कंटाळ्यावर जगतो. गावाच्या सामाईक तळ्यावरील अतिक्रमण नियमित करून देता येत नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ साली घालून दिला आहे. कागद हाती असेल तर हा निकाल उपयोगी पडतो, नसेल तर नाही.

दुसरे काम शिक्षकांनी हाती घेण्यासारखे. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने, मग ती ग्रामपंचायत असो वा नगरपरिषद, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांकडून माहिती घेऊन जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. कित्येक ठिकाणी ही वही कपाटात पडून असते, किंवा एकाच माणसाने टेबलावर बसून भरलेली असते. ती मागून घ्यावी आणि सातवी-आठवीच्या मुलांना आजोबा-आजीकडे पाठवावे. कोणता मासा पूर्वी मिळे, कोणती भाजी पाळीवर उगवे, कोणता पक्षी कधी येई, कोणत्या धानाचे बी आता घरात नाही. कोहळ्यांचे, ढिवरांचे, गोंडांचे आणि पोवारांचे शब्द जसे बोलतात तसेच लिहून घ्यावेत. तुडुम आणि सलंग हे शब्द माहीत नसलेली मुले याच मुलखात वाढत आहेत.

तिसरे काम वर्षातून एकदाचे, आणि त्याला शिक्षणाची अट नाही. पावसाळा तोंडावर आला की जून महिन्यात वनखाते आणि स्वयंसेवक मिळून जिल्ह्यातल्या सारसांची गणना करतात. चालणारी, पाहणारी आणि गप्प बसू शकणारी माणसे त्यासाठी हवी असतात. नाव वनखात्याच्या कचेरीत आधी नोंदवावे, आणि नेमून दिलेल्या तलावावर उजाडण्यापूर्वी पोचावे. कारण सूर्य वर आला की जोडी रात्रीच्या मुक्कामावरून उठून बांध्यांत चरायला जाते, आणि मग मोजणी चुकते.